पुण्याचा पत्ता असलेलं कासव

१८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी भारतातल्या मऊ कवचाच्या कासवांवर एक लेख छापला आणि त्यात एका जातीचं बारसं केलं. त्या जातीचा नमुना आला होता पुण्याहून. नाव ठेवलं डॉ. अँड्र्यू लीथ यांच्यावरून. लीथ मुंबई इलाख्यात काम करणारे डॉक्टर. प्राण्यांचे नमुने जमवायचा त्यांना नाद होता. माथेरानवर सापडलेल्या एका छोट्या बेडकाच्या आणि कोरड्या प्रदेशातल्या एका सापाच्या शास्त्रीय नावातही हेच लीथ आहेत. आपल्या कासवाचं आजचं शास्त्रीय नाव निल्सोनिया लीथाय. मराठीत त्याला ‘लीथचं मऊ पाठीचं कासव’ म्हणू.

हे कासव फक्त भारताच्या द्वीपकल्पातल्या नद्यांमध्ये आणि जलाशयांमध्ये राहतं, जगात दुसरीकडे कुठेही नाही. आणि आज ते ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे, म्हणजे जंगलातून नामशेष होण्याच्या एकच पायरी अलीकडे. पुण्यातल्या शाळकरी पोरांना शनिवारवाड्याचे दरवाजे पाठ असतात, पण आपल्या शहराच्या नावावर नोंदलेला हा प्राणी मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतो. मला हे फार खटकतं, म्हणून हा लेख.

आधी ‘पुण्याच्या नावावर नोंदलेला’ म्हणजे काय ते बघू. एखाद्या नव्या जातीचं वर्णन करताना शास्त्रज्ञ एखादा नमुना त्या नावाचा आधार म्हणून ठेवतात. तो जिथून आला ते त्या जातीचं मूळ ठिकाण. पुढे कितीही संशोधन झालं, वाद झाले, तरी नाव त्या नमुन्याशी आणि त्या ठिकाणाशी बांधलेलं राहतं. लीथचं कासव गोदावरीपासून कावेरीपर्यंत वेगवेगळ्या खोऱ्यांमध्ये आढळतं आणि ही खोरी एकमेकांना जोडलेली नाहीत. समजा उद्या कुणी डीएनए तपासून म्हणालं की कावेरीतलं आणि कृष्णेच्या खोऱ्यातलं कासव या दोन वेगळ्या जाती आहेत, तर ‘लीथाय’ हे नाव कुणाकडे राहील? पुण्याच्या पाण्यातल्या कासवाकडे. दुसऱ्याला नवं नाव शोधावं लागेल. असा निवाडा करायचा तर मूळ ठिकाणची जिवंत कासवं तपासता यायला हवीत. ती संपली तर संग्रहालयातल्या दीडशे वर्षं जुन्या नमुन्यावर भिस्त ठेवावी लागेल.

नावाचा पहिला भाग मात्र बदलत आला. ग्रे यांनी त्याला ट्रायोनिक्स या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, टाकलं, नंतर ते अ‍ॅस्पिडेरेटिस झालं आणि २००७ मध्ये डीएनएच्या अभ्यासानंतर निल्सोनिया. या प्रजातीत आता पाच जाती मानतात. गंगेचं मऊ पाठीचं कासव त्यातलंच. आणखी एक भावंड आहे काळ्या रंगाचं. ते चितगावच्या बायेजीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यात आणि आसाममधल्या काही देवळांच्या तळ्यांत भाविकांच्या हातचं खाऊन टिकलं. बराच काळ असा समज होता की ते तेवढ्या एका दर्ग्याच्या तळ्यातच उरलं आहे.

पुण्याचं पाणी जातं कुठे, हेही इथेच सांगायला हवं. मुठा खडकवासल्याहून शहरात शिरते, मुळा मुळशीकडून येते आणि वाटेत दापोडीजवळ पवना पोटात घेते. संगमावर दोघी एक होतात. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनीच्या धरणात पसरते आणि तिथून निघून रायचूरच्या बाजूला कृष्णेत जाते. म्हणजे पुण्याचं कासव हे कृष्णा खोऱ्याचं कासव आहे. त्याच्यासाठी संगम, दौंड आणि भिगवण ही वेगवेगळी गावं नाहीत, एकच वाहतं घर आहे. निदान बंधारे आणि धरणं होण्याआधी होतं.

आता मुख्य प्रश्न. कासवाची सगळी भिस्त कवचावर, मग याने ते मऊ का केलं?

नेहमीच्या कासवाचं कवच दोन थरांचं असतं. आत हाडं आणि वर खवले. आतली हाडं म्हणजे बाहेरून चढवलेली पेटी नव्हे, त्याच्या स्वतःच्या फासळ्या आणि पाठीचा कणाच रुंद होऊन एकमेकांना भिडलेला असतो. म्हणून कासव कवचातून ‘बाहेर’ येऊच शकत नाही. या हाडांच्या कडेने आणखी लहान हाडांचं एक कडं असतं, आणि या सगळ्यावर आपल्या नखांसारख्याच द्रव्याचे कडक खवले बसवलेले असतात. पाठीवर जी चौकटीचौकटींची नक्षी दिसते ती या खवल्यांची.

मऊ पाठीच्या कासवांनी यातल्या दोन गोष्टी सोडून दिल्या. खवले पूर्ण गेले. कडेच्या हाडांचं कडंही लीथच्या कासवाच्या गटात उरलं नाही. मधोमध हाडाची चपटी तबकडी राहिली, तिच्यावर जाड, चामड्यासारखी कातडी आली आणि तबकडीच्या बाहेर त्याच कातडीची लवचिक झालर. पोटाकडची हाडंही आक्रसली आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या जागा पडल्या. सगळा प्राणी घावनासारखा: मधे जरा जाड, कडेला पातळ आणि लवलवता.

पण मऊ म्हणजे दुबळं असं समजू नका. जे हाड उरलं आहे त्याच्या बाहेरच्या थरात तंतूंचे पदर एकावर एक, दर पदराची दिशा बदलत रचलेले असतात. प्लायवूड बळकट होतं ते याच युक्तीने. कमी जाडीत जास्त ताकद. हा बेत जुनाही आहे. डायनोसॉर जमिनीवर हिंडत होते तेव्हाही मऊ पाठीची कासवं पाण्यात होती आणि त्यांचे जीवाश्म बघितले तर आजच्या कासवांशी साम्य चटकन दिसतं.

या बदल्यात काय मिळालं? एक तर वजन घटलं आणि अंग चपटं झालं, त्यामुळे पाणी कापत वेगाने पोहता येतं. दुसरं, झालर हलवत हलवत ते क्षणात वाळूत किंवा गाळात बुडी मारून दिसेनासं होतं. घुमटासारख्या पाठीच्या कासवाला हे जमणार नाही. तिसरा फायदा सगळ्यात मोठा आहे आणि तो श्वासाशी संबंधित आहे.

कासवाला फुप्फुसं असतात, त्याला हवा घ्यायला वर यावंच लागतं. मऊ पाठीच्या कासवांनी त्यावर दोन उपाय काढले. पहिला नाकाचा. नाक पुढे काढलेल्या बारीक नळीसारखं असतं आणि मान चांगली लांब. उथळ पाण्यात कासव गाळात गाडून बसतं, मान वर करतं, नळीचं टोक पाण्याबाहेर काढतं, श्वास घेतं आणि पुन्हा खाली. बाकी अंग हलतसुद्धा नाही. दुसरा उपाय जास्त विलक्षण. हे कासव पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही थोडाफार वापरू शकतं. खवले नसल्यामुळे कातडीतून तो आत येतो. शिवाय घशाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या बारीक झालरी असतात आणि कासव घशात पाणी आत-बाहेर करत त्यांच्यावरून फिरवतं. अमेरिकेतल्या मऊ पाठीच्या कासवांवर हे एकोणिसाव्या शतकातच अभ्यासलं गेलं.

घशाच्या या झालरींची आणखी एक करामत सिंगापूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवली. त्यांनी चिनी मऊ पाठीच्या कासवावर प्रयोग केले. शरीरातला टाकाऊ युरिया आपण लघवीवाटे टाकतो. हे कासव त्यातला बराच मोठा भाग तोंडावाटे टाकत होतं, डोकं पाण्यात बुडवून, चूळ भरावी तसं. मचूळ पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला याचा फायदा असा की युरिया धुऊन काढण्यासाठी खारं पाणी प्यावं लागत नाही, असं त्या संशोधकांचं म्हणणं. ही गोष्ट चिनी कासवात सिद्ध झालेली आहे, लीथच्या कासवावर असा प्रयोग झालेला माझ्या वाचनात नाही. तरी शरीराची घडण एकाच कुळातली आहे.

आता या फायद्यांची किंमत. कातडीतून ऑक्सिजन आत येतो तसं पाणी बाहेरही जातं. उन्हात, कोरड्या जमिनीवर मऊ पाठीचं कासव कडक पाठीच्या कासवापेक्षा लवकर सुकतं. आणि पाण्यातल्या ऑक्सिजनचा उपयोग होतो तो पाण्यात ऑक्सिजन असला तरच. सांडपाणी नदीत आलं की त्यातली घाण खायला जिवाणू वाढतात आणि घाण कुजवताना ते पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात. नदी काळी पडते, वास मारते, तेव्हा हेच झालेलं असतं. कासव वर येऊन हवा घेऊ शकतं, त्यामुळे माशांसारखं ते लगेच मरत नाही. म्हणूनच घाण पाण्यात एखादं कासव दिसलं की लोक म्हणतात, बघा, नदी जिवंत आहे. ते कासव तग धरून आहे, इतकंच त्यातून कळतं. त्याचं पोट कशावर भरतं आणि त्याची अंडी कुठे पडतात, हे वेगळे प्रश्न आहेत.

पोटाचं आधी. लीथचं कासव मिळेल ते खाणारं आहे: मासे, खेकडे, शंख-शिंपले, डासांच्या अळ्या, पाणवनस्पती. या कुळातली कासवं मेलेलं जनावरही खातात. गंगा स्वच्छ करण्याच्या सरकारी योजनेत वाराणसीजवळ गंगेतली मऊ पाठीची कासवं वाढवून नदीत सोडली गेली, ती वाहत आलेली प्रेतं खातील या आशेने. कासवाने माणसाची सगळी घाण निस्तरावी ही अपेक्षा मला पटत नाही, पण नदीत कुजणारं मांस संपवणारा मोठा प्राणी म्हणून त्याचं काम खरं आहे. मुळा-मुठेत जलपर्णी माजली, तळाशी काळा गाळ बसला, शिंपले आणि खेकडे कमी झाले, की त्याचं ताटच रिकामं होतं.

अंड्यांची गोष्ट अधिक नाजूक. कासव कितीही पाण्यातलं असलं तरी अंडी जमिनीवरच घालतं. मादी काठावर येते, वाळूत किंवा मऊ मातीत खड्डा करते, कडक कवचाची गोल अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते. पुढचं सगळं ऊन, ओल आणि नशीब.

इथे एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला पुण्याहून पुष्कळ लोक जातात. तिथे ऐकलेलं असतं की वाळू जास्त तापली तर पिल्लं माद्या होतात, कमी तापली तर नर. बऱ्याच कासवांत असंच असतं. मऊ पाठीच्या कासवांचं तसं नाही. आजवर ज्या जाती तपासल्या त्यांत नर की मादी हे गुणसूत्रांवरून, अंड्यातच ठरलेलं असतं. पक्ष्यांप्रमाणे इथेही मादीच्या दोन लिंग-गुणसूत्रांत फरक असतो, नराची दोन्ही सारखी. त्यामुळे तापत्या हवामानात समुद्री कासवांसारखं ‘सगळ्या माद्याच’ हे संकट यांच्यावर येत नाही. यांना जागा मिळाली की पुरे. पण जागाच मिळेनाशी झाली आहे.

भीमेच्या काठाने दौंड, शिरूर, इंदापूरकडे गेलं की वाळूउपसा हा शब्द कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. पात्रात सक्शन बोटी लागतात, वाळू गाळातून ओढून काढतात, ढीग लागतात, रात्री डंपर निघतात. आपल्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये जी नदीची वाळू गेली ती कुणाची तरी अंडी घालायची जागा होती. शहरात चित्र वेगळं: तिथे वाळू आधीच नाही आणि काठ दगड-सिमेंटने बांधून घेतले जात आहेत. नदीकाठी फिरायला छान वाट हवी हे मलाही वाटतं. पण उभ्या भिंतीवर मादी कासव चढू शकत नाही आणि चढली तरी फरसबंदीत खड्डा करू शकत नाही. काठाचे काही तुकडे उताराचे, मातीचे, झाडोऱ्याचे तसेच सोडायला काय हरकत आहे, हा प्रश्न नकाशे आखताना विचारायला हवा, काम झाल्यावर नव्हे.

धरणांबद्दल सरसकट वाईट म्हणता येत नाही, कारण ही जात जलाशयांतही राहते. १९८० च्या सुमारास भरलेल्या उजनीने तिला मोठं पाणी दिलं. पण धरणाचं पाणी सिंचनाच्या आवर्तनांप्रमाणे चढतं-उतरतं. आज काठावर घातलेली अंडी पाणी चढलं की बुडतात. आणि जाळी. उजनीवर चिलापी पकडायला लावलेल्या जाळ्यात कासव अडकलं तर त्याचा जीव जातो तो गुदमरून. कातडीतून मिळणारा ऑक्सिजन निवांत बसलेल्या कासवाला पुरेल, जाळ्यात धडपडणाऱ्याला नाही.

या सगळ्याच्या वर शिकार. मांसासाठी तर पकडतातच, पण त्या मऊ झालरीलाही परदेशात मागणी आहे. ती कापून, वाळवून तस्करी होते. भारत सरकारने २०२२ मध्ये मांडलेल्या माहितीनुसार गेल्या तीस वर्षांत या जातीची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली असावी असा अंदाज आहे. एवढी घट झालेला प्राणी पुन्हा भरून यायला फार वेळ लागतो, कारण कासवांचं गणितच तसं आहे. वयात यायला वर्षानुवर्षं लागतात. अंडी कोल्हे, मुंगूस, घोरपडी, कुत्री खातात, पिल्लं बगळे आणि मोठे मासे खातात, शंभरातलं एखादं मोठं होतं. मात्र एकदा मोठं झालं की ते दीर्घकाळ जगतं आणि वर्षामागून वर्षं अंडी घालत राहतं. म्हणजे सगळा हिशेब मोठ्या माद्यांवर उभा आहे. शिकारी नेमक्या त्याच उचलतो, कारण त्यांचं मांस जास्त भरतं. दहा अंडी वाचवण्यापेक्षा एक मोठी मादी वाचवणं कितीतरी मोलाचं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराची, म्हणजे साइट्सची, एकोणिसावी परिषद झाली. तिथे भारताने लीथच्या कासवाला परिशिष्ट दोनमधून परिशिष्ट एकमध्ये न्यावं असा प्रस्ताव ठेवला आणि तो मंजूर झाला. परिशिष्ट दोनमधल्या प्राण्यांचा व्यापार परवान्याने होऊ शकतो, परिशिष्ट एकमधल्यांचा धंद्यासाठी होऊ शकत नाही. देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं आणि विकणं हा गुन्हा आहेच.

गुन्ह्यावरून आठवलं, ‘वीस नखी’ कासवाने पैशाचा पाऊस पडतो या थापेपायी महाराष्ट्रात आजही कासवं पकडली जातात. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखं असतात, चार पायांची मिळून बारा. पैसा ना वीस नखांनी येतो ना बारांनी, पण एक प्राणी पोत्यात मरतो हे नक्की.

पुणे परिसरात मऊ पाठीचं कासव दिसलं तर ते लीथचंच असेल असं नाही. तळी, विहिरी, पाझर तलाव, शेततळी इथे जास्त भेटतं ते लिसेमिस नावाचं लहान कासव. त्याची पाठ साधारण वीतभर ते फूटभर, जराशी फुगीर, आणि पोटाखाली मागच्या बाजूला कातडीची दोन झाकणं असतात. मागचे पाय आत घेतले की झाकणं मिटतात. दुष्काळात ते चिखलात गाडून घेऊन महिनोन्‌महिने काढतं. लीथचं कासव मोठं, अर्ध्या मीटरहून लांब पाठीचं होऊ शकतं, एकदम चपटं, हिरवट मातकट, आणि झाकणं अजिबात नाहीत. त्याचं पिल्लू ओळखणं सोपं: राखाडी-हिरव्या पाठीवर फिकट कड असलेले डोळ्यांसारखे चार ते सहा गोल ठिपके असतात. वय वाढेल तसे ते पुसट होतात. डोक्यावर मधोमध एक काळी रेघ मानेकडे जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी तिरक्या रेघा फुटतात. तिसरं, कडक पाठीचं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव तलावात दिसलं तर ते मूळचं अमेरिकेतलं. दुकानातून हौसेने आणलेलं, मोठं झाल्यावर कुणीतरी ‘पुण्य’ म्हणून सोडलेलं. ते इथलं अन्न आणि उन्हं खायच्या जागा बळकावतं, रोगही आणू शकतं. कृपा करून ते नदीत सोडू नका.

आणि मऊ पाठीचं कासव उचलायला जाऊ नका. त्याची मान मागे, पाठीच्या निम्म्यापर्यंत सहज वळते आणि जबडा करकचून धरतो. जखमी असेल, जाळ्यात गुंतलं असेल किंवा कुणी विकायला बसलं असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जमलं तर लांबूनच दोन फोटो घ्या, एक पाठीचा वरून आणि एक डोक्याचा बाजूने, आणि जागा नीट लिहून ठेवा: कोणता डोह, कोणत्या पुलाच्या खाली, कोणत्या गावाच्या शिवारात. डोक्यावरच्या रेघा स्पष्ट दिसल्या तर जात ठरवता येते आणि मुळा-मुठा ते उजनी या पट्ट्यातली अशी एकेक नोंद आज कामाची आहे.